बाटलीतला बोरॉन

आमचं घर बेळगावजवळच्या कंग्राळीचं. समुद्रकाठच्या एका संस्थेत मी पीएचडीला गेले तेव्हा आप्पांनी विचारलं, "तितं करतीस तरी काय गं?"

मी सांगितलं, समुद्रतळाच्या गाळातून मिठाच्या कणाएवढी कवचं वेचते. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या जिवांची. त्यांत नावापुरता बोरॉन असतो. तो तपासला की तेव्हाचं समुद्राचं पाणी किती आम्लधर्मी होतं ते कळतं आणि त्यावरून त्या काळच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता, याचा अंदाज बांधता येतो.

"म्हंजे मेलेल्यांस्नी हवा इचारतीस," आप्पा म्हणाले. त्यांना कळलं होतं.

सूक्ष्मदर्शकावर वाकून, ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच उचलण्यात माझी कित्येक वर्षं गेली. मान कायमची धरली. प्रयोगशाळेच्या काचेतही बोरॉन असतो, म्हणून आम्ही सगळं प्लास्टिकच्या भांड्यांत करायचो. कवचं आम्लात विरघळवून नमुने तयार केले आणि चुलतभावाच्या लग्नाला गावी आले.

परत गेले तर नमुने काचेच्या बाटल्यांत. प्लास्टिकच्या संपल्या होत्या, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी ओतून घेतले होते.

"सर, काचेतला बोरॉन उतरला असणार यात."

"दोन दिवसांत काय उतरतंय? मोजणीच्या मशीनची तारीख मिळालीये, लाव."

लावले. आकडे आले, आणि सरांना हवे होते तसेच आले. सर खूश. मी म्हटलं, उरलेल्या गाळातून पुन्हा कवचं वेचते.

"तुला पदवी हवीये की नाही?"

"हवीये. पण या आकड्यांवर माझं नाव नको."

ते हसले. नाव तेवढं काढलं. पुढे माझा एकही अहवाल त्यांना पटेना, मुदतवाढीच्या अर्जावर सही होईना. मी सामान बांधून घरी आले.

"खरं बोललीस न्हवं? मग तुला काढलं कशाला?" आप्पांनी एकदाच विचारलं. बेळगावच्या खडेबाजारात कुणी भेटलं की मात्र ते सांगायचे, पोरीला तिकडची हवा मानवली न्हाय. मी शेजारी पिशवी धरून उभी असायचे.

आता बेळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्याच आकड्यांवरचा सरांचा शोधनिबंध छापून आला. मी संपादकांना कळवलं. त्यांनी सरांनाच विचारलं, आणि सरांनी उत्तर दिलं की ही अर्धवट सोडून गेलेली, नाराज विद्यार्थिनी आहे. प्रकरण मिटलं. आता दुसऱ्यांच्या लेखांतही ते आकडे दिसतात.

उरलेला गाळ तरी मिळावा, म्हणून संस्थेतल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "कपाटं रिकामी करताना सरांनी फेकून दिला गं."

त्या जागचा गाळ पुन्हा आणायचा, तर जहाज न्यावं लागेल. मी बरं म्हटलं आणि तासाला गेले.