मंडळी यायचीय अजून

"बाई, तुम्ही घ्या जेवून. आमची मंडळी यायचीय अजून," असं म्हणून ह्यांनी ताट हातानं बाजूला सारलं. मंडळी म्हणजे बायको. आमच्या वेळची माणसं बायकोचं नाव घेत नसत. आणि ती बायको म्हणजे मीच... ताट घेऊन पुढ्यात उभी. ह्यांना जाऊन आता महिना उलटला, पण ते बोलणं कानातनं जात न्हाय. आजार विसरण्याचा होता. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, काही करता यायचं नाही. लेकाला विसरले, नातवंडांना विसरले, तेही सोसलं असतं. पण पोटात अन्न जाईना. रोज दुपारी हीच तऱ्हा. मी म्हणायची, "अहो, मीच की! आले की मी." तर माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून अदबीनं हसायचे, आणि माझ्या खांद्यावरनं दाराकडं नजर लावून बसायचे.

ते मनानं कुठं बसलेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं. सिद्रामप्पाच्या हॉटेलात.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. धाराशिवात आमचं बिऱ्हाड, हे अदालतीत कारकून, दिवसभर उर्दूत लिहायचं काम. घरात सासू-सासरे, दोन नणंदा. नव्या नवरा-बायकोनं दिवसाउजेडी दोन शब्द बोलायची सोय न्हाय. आमचं बोलणं व्हायचं ते बाजाराच्या दिवशी. मी भाजीला म्हणून निघायची, हे कचेरीतनं सुटायचे, आणि दोघं सिद्रामप्पाकडं. हॉटेल कसलं, पत्र्याखाली दोन बाकडी, एक चूल आणि आतल्या अंगाला बाजारला आलेल्या बायांसाठी गोणपाटाचा पडदा. हे पडद्याच्या अलीकडं, मी पलीकडं. गरम धपाटं, वर दही, शेंगदाण्याची चटणी. तसलं धपाटं मी पुढं जन्मभर थापून बघितलं, जमलं न्हाय. ह्यांचा हेका एकच. मी खायला लागले हे कळल्याशिवाय स्वतः घास मोडायचा न्हाय.

"अक्का, साहेब विचारायलेत, जेवायलात का?" सिद्रामप्पा चुलीपासनंच ओरडायचा.

"जेवायले म्हणावं."

"जेवायल्यात बगा हो साहेब! आता तरी खावा. म्या धपाटी थापू का तुमचे निरोप वाहू?"

बाकड्यावरची माणसं खो-खो हसायची. मी पदरात तोंड घालून हसायची. तेवढाच आमचा संसार, आठवड्यातनं एकदा.

मग ती धामधुमीची वर्षं आली. लोक रातोरात निजामाच्या हद्दीपल्याड, बार्शीकडं निघाले. एका बाजाराच्या दिवशी हे कचेरीत असताना सासऱ्यांनी एकाएकी गाडी जुंपली. बायामाणसं आत्ताच्या आत्ता बसा म्हणाले. मी सासूला विचारलं, "आत्याबाई, ह्यांना निरोप?"

"कुणासंगं धाडतीस? येईल तो मागनं. चल, बस."

गाडी त्या हॉटेलाच्या तोंडावरनंच गेली. चूल पेटलेली दिसली, धूर दिसला... सुनेनं गाडी थांबवा म्हणायचं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. नोकरीपायी ह्यांना मागनं येता आलं न्हाय. पुढं निजामाचं राज्य गेलं तेव्हाच आमची गाठ पडली. सिद्रामप्पानं मला नंतर सांगितलं, "अक्का, त्या दिवशी साहेब मी चूल विझवंस्तोवर बसून होते. पाण्याशिवाय काही घेतलं न्हाय. शेवटी मीच उठा म्हणलो." ह्यांनी मात्र त्या दिवसाचं कधी नाव काढलं न्हाय. लेकरं झाली, लग्नं झाली, मला वाटलं विसरले. आणि सगळं विसरल्यावर तेवढाच दिवस उरला बघा त्यांच्यापाशी.

शेवटी शेवटी मी हरले. म्हणलं, मी बायको न्हाय तर न्हाय, आता सिद्रामप्पा बनते. ताट पुढ्यात ठेवलं आणि ओरडले, "साहेब, अक्का आल्यात हो! आत बसल्यात."

ह्यांनी मान वर केली. "आल्या?"

"व्हय. सासऱ्यांनी एकाएकी गाडी जुंपली, निरोप द्यायला माणूस न्हाय गावला त्यांना."

"रागावल्या तर न्हाईत ना माझ्यावर?"

न्हाय म्हणून मान हलवली मी.

"जेवायल्यात का?"

"जेवायल्यात."

तेव्हा कुठं घास मोडला. सावकाश चावत राहिले. मधेच मला म्हणाले, "लई गुणाची आहे. तुम्ही ओळखता का तिला?"

"थोडं थोडं," म्हणलं.

लई वाटलं, सांगावं की वर बघा, मीच ती. पण तोंडचा घास गेला असता. पुढं रोज अशीच जेवू घातले, मीच माझे निरोप देऊन. मग पाणीही उतरेना झालं. अक्का आल्यात म्हणून कितीदा सांगितलं... डोळे उघडले न्हाईत.

दाराकडं तोंड करून ते ज्या सतरंजीवर बसायचे, ती अजून तिथंच अंथरलेली आहे. सून विचारती, "आत्या, उचलू का?" बिचारीला झाडायला अडचण होती. मी म्हणते, राहू दे. एकदा मीच उचलायला वाकले होते. पण टोक हातात धरलं आणि पुढं हात चालंना. असं वाटलं, त्यांना उपाशीच उठवायले.