परबचा डबा

जुने दोस्त भेटले की मला बॉम्बच्या गोष्टी सांगायला लावतात. खरं तर आम्ही आयुष्यभर खिळेच जास्त काढले. पण दारूगोळा शोधायला जायचं आणि खिळा घेऊन परत यायचं, अशा धंद्यात किस्से आपोआप साठतात.

सत्तर सालच्या आसपास घाटकोपरला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी कॅम्पच्या जागेवर कॉलनी होणार होती. त्याआधी जमिनीत राहिलेले तोफगोळे आम्ही शोधायचे. दांड्याला थाळी, कानाला हेडफोन. खाली लोखंड असलं की कानात शिट्टी वाजायची. आमच्या तुकडीचे प्रमुख साठेसाहेब, त्यांचा नियम एकच. ज्याने जमिनीचा जो पट्टा तपासला, त्याने दुपारी त्याच पट्ट्यावर मांडी घालून डबा खायचा. "सर्टिफिकेट नंतर. आधी बूड टेका!"

पहिल्या दिवशी साहेबांनी स्वतः मशीन धरलं. पावलागणिक शिट्टी. आम्हाला लांब पिटाळून ते एकटेच घाम गाळत राहिले. शेवटी लक्षात आलं, त्यांच्याच बुटांना लोखंडी नाल ठोकलेले होते. दुसऱ्या दिवशी साहेब कॅनव्हासच्या शूजमध्ये आले.

मग पवईहून एक तरुण इंजिनिअर चुंबकत्व मोजणारं नवं यंत्र घेऊन आला. काटा मध्येच उडायचा आणि आम्ही आडवे पडायचो. नंतर त्यालाच कळलं की जवळच्या रुळांवरून विजेची गाडी गेली की काटा उडतो. "एक दिवस गाड्या बंद ठेवता येतील का?" त्याने सिरियसली विचारलं. यंत्र परत गेलं.

बाजूच्या वस्तीत एका मावशीच्या उंबऱ्याशी मशीन किंचाळलं. खणायची गरजच नव्हती. गोळा दाराला टेकू म्हणून उभा होता.

"मावशी, हा फुटेल."

"एवढी वर्षं नाही फुटला. आणि दार आपटायला लागलं तर तू येशील धरायला?"

साहेबांनी मुकाट्याने वीट आणून दिली.

राहिला परब. मालवणचा, आमच्यातला सगळ्यात तयार कान. पण त्या वर्षी त्याला दोनदा हाक मारावी लागायची. कान गेला की नोकरी गेली, आणि घरचं सगळं त्याच्या एकट्यावर. विचारलं तर म्हणायचा, "माका सगळा आयकाक येता रे." आम्ही साहेबांना सांगितलं नाही. दोस्त होता. भीती मात्र वाटायची.

एका दुपारी त्याने शेवटचा पट्टा संपवला. दुसऱ्या सकाळी तिथे मजूर पाया खणायला येणार होते. "साफ," परब म्हणाला. आम्ही आपापल्या पट्ट्यांवर डबे उघडले. परबने उघडला, बंद केला, चालत रस्त्यापर्यंत गेला आणि तिथे उभ्यानेच जेवायला लागला.

साठेसाहेबांनी हातातली पोळी खाली ठेवली. मला म्हणाले, "हेडफोन घे."

परबच्या पट्ट्याच्या मधोमध शिट्टी वाजली. मी मान वर केली. हातातला घास तसाच धरून परब माझ्याकडेच बघत होता.