यू सारिन्तेनची पाठ

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात वारं भरलं की डॉक्टरकडे कुणी जात नसे, यू सारिन्तेनकडे जायचं; यू म्हणजे ताई. डोकं दुखलं, पोट फुगलं, सासूशी वाजलं आणि मान आखडली, सगळं वारंच. मग पालथं पडायचं आणि यूने खोबरेल तेल चोळून, डचांच्या काळातल्या तांब्याच्या नाण्याने पाठ घासायची. मणक्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या लाल रेघा उठत. रेघ जितकी काळपट, तितकं वारं जास्त. यू च्च च्च करत म्हणायची, "केवढं साठवलं होतंस गं," आणि माणूस ढेकर देत उठायचं.

जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात पाठ घासणारे हात पुष्कळ, पण यूच्या हाताला गुण होता. गुणाचा हात असणं वाईट. तो हात मग आपला राहत नाही.

पहाटे उठून ती नारळाच्या दुधातला भात शिजवायची आणि गल्लीच्या तोंडाशी विकायला बसायची. दुपारी भांडी, संध्याकाळी उद्याचे नारळ नि कोंबड्या, आणि मधल्या फटीत गल्लीभरच्या पाठी. नवरा पाक वार्सितो, बस चालवणं सोडून आता एक गाणारा होला पाळून होता. सकाळी होल्याची अंघोळ, मग कोवळं ऊन, मग निवडलेले राळे, दुपारी पिंजऱ्यावर कापड टाकून झोप. एक वेळ सूर्य उशिरा उगवेल, पण होल्याची वेळ चुकायची नाही. मी भिंतीपलीकडे लग्नाचे कबाया, म्हणजे बायकांच्या लांब बाह्यांच्या चोळ्या, शिवते. होला झोपला असताना माझं मशीन वाजलं तर पाक वार्सितो भिंत ठोकायचा.

आरोग्य केंद्रातली नर्स म्हाताऱ्याकोताऱ्यांचा रक्तदाब बघायला आली, तेव्हा यूचा आकडा पाहून तिने पट्टा सोडून पुन्हा बांधला. मोठ्या दवाखान्यात छाती तपासून घ्या म्हणाली, आणि रोज एक तास फक्त स्वतःसाठी ठेवा, आडवं व्हा, पाय मोकळे करा. यू हसून म्हणाली, "एक तास? कुणाच्या घरून उसना आणू?"

मी मात्र हात धुऊन तिच्या मागे लागले. दवाखान्याचं ती आज-उद्या करत राहिली, पण तासाचं कबूल केलं. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ती पुढच्या दाराची फळी लावायची, मागच्या पडवीत स्टुलावर बसायची आणि आल्याच्या गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडायची. पहिल्या दिवशी पाय पाण्यात गेले आणि ती रडायलाच लागली. मी घाबरले.

"काही नाही गं वुर," ती म्हणाली. "माझे पाय दुखतात, हे मला आत्ता कळलं."

आठवडाभर ते सुख टिकलं असेल. मग गल्लीत बातमी फुटली की असरनंतर यू रिकामी असते. आधी लोकांना थोडी तरी भीड होती, तिचे हात कामात असायचे. आता मागच्या दाराशी रांग लागली. यू पाण्यातून पाय काढायची, पदराला हात पुसायची आणि नाणं घ्यायची. मी भांडले. रांगेतल्या बु जुमिलाहला तोंडावर म्हटलं की बाई, तिला जगू द्या. ती म्हणाली, "एका पाठीला वेळ तो काय लागतो? आणि ती बसलेलीच तर आहे." मला सगळ्यांनी कजाग ठरवलं. आम्हा जावी माणसांना नाही म्हणता येत नाही. आम्ही हो म्हणतो आणि जात नाही. यू मात्र हो म्हणायची आणि करायची.

मग तिच्याच छातीत वारं बसलं. डावा हात भरून येई, जबडा दुखे. मी म्हटलं, हे वारं नव्हे, आत्ता दवाखान्यात चल. तिने ऐकलं नाही. छातीत ठाण मांडलेलं वारं घासून काढल्याशिवाय दवाखान्याची वाट धरायची नाही, हे आमच्या हाडात मुरलंय. शेवटी मी म्हटलं, बरं, मी घासते, मग निघू. ती पालथी पडली, मी तेल हातावर घेतलं, तेवढ्यात दारात कुणीतरी कण्हत आलं. ती उठली.

"यू, पाया पडते तुझ्या," मी म्हटलं.

"माझं उद्या बघू."

मी रडकुंडीला येऊन पाक वार्सितोकडे धावले. तुम्ही सांगा तिला, नवरा आहात, ओढून न्या. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि कापड टाकलेल्या पिंजऱ्याकडे खूण केली. "हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

दुसऱ्या दिवशी मीच रिक्षा ठरवली. असरनंतर घेऊन पोहोचले तर मागच्या दाराशी नेहमीची रांग, पण सगळे चिडीचूप. बु जुमिलाहने मला अडवलं आणि कुजबुजली, "झोप लागलीय बिचारीला. आज कुणी हाक मारली नाही. झोपू दे."

यू स्टुलावर होती, डोकं भिंतीला टेकलेलं, पाय घमेल्यात. मी पाण्यात हात घातला. पाणी गार झालं होतं, आणि पायही.

शेवटची अंघोळ घालायला आम्ही पाच जणी बसलो. छातीवर रेघाच रेघा होत्या, वेड्यावाकड्या, एकीवर दुसरी, जिथपर्यंत तिचा स्वतःचा हात पोहोचला तिथपर्यंत. मग बु जुमिलाहने तिला कुशीवर वळवलं आणि तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाठ कोरी होती. एक रेघ नाही. भोवती वाकलेल्या आम्हा सगळ्यांच्या पाठींवर, कबायाखाली, तिच्या हातच्या रेघा अजून मावळल्या नव्हत्या.

मग साबण आला, आणि तिची पाठ घासायला आम्ही पाची जणी एकदम पुढे झालो.