बर्फावरचा तळवा

वसईच्या मासळी बाजारात एक काका मला दर रविवारी भेटतात. जवळच्या वटार गावात त्यांची केळीची वाडी आहे. कडक इस्त्रीची पँट, आणि कुठल्याही बोलण्याच्या शेवटी "असं आहे बघा". नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांची नात कॅनडात शाळेच्या संघातून आइस हॉकी खेळते. तिथली शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची सकाळ, त्यामुळे एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात फोनवर चालू असलेला सामना घेऊनच ते येतात. हेल्मेटच्या जाळीमुळे मुलींचे चेहरे दिसत नाहीत.

"आमची पडली की कळते. उठताना कमरेवर हात ठेवते, तिच्या आजीसारखा. असं आहे बघा."

परवा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. शाळांच्या स्पर्धेत कुणाकुणाचा खेळ बघण्यासारखा आहे, त्याची यादी होती.

"चष्मा विसरलो. वाचा जरा."

चष्मा त्यांच्या खिशातच होता. तिसरं नाव नातीचं. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

मग नेहमीसारखा त्यांनी पापलेटांशेजारी बर्फावर तळवा टेकला. आजवर मला वाटायचं, ते मासळी ताजी आहे का बघतात.

"काका, हात काढा, बर्फाचं पानी होतंय," कोळीण म्हणाली.

"एवढ्या गारव्यावर पडते पोर," ते मला म्हणाले. "सहा वर्षं झाली, मी तिचा हात धरलेला नाही."

लालबुंद तळवा त्यांनी उचलला, तेव्हा बर्फात पाच बोटं उमटली होती. कोळणीने त्या बोटांवर पापलेट ठेवलं नाही.