खुडूक

कोंबड्यांच्या पैदास केंद्रात मावशींचं काम एकच होतं: खुडूक बसलेली कोंबडी हुडकायची. अंड्यांवर ठाण मांडून बसलेली कोंबडी नवी अंडी देत नाही, म्हणून तिची रवानगी खाटकाकडे व्हायची. केंद्राच्या लेखी आईपण हा दोष होता, आणि तो मावशींइतका चटकन कुणाला दिसत नसे.

पुढे पिल्लाच्या रक्ततपासणीतूनच हा दोष कळू लागला आणि मावशींना अंडी पुसायला बसवायचं ठरलं. जुन्या कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांना कोपऱ्यात एक तांबडी कोंबडी पिसं फुगवून बसलेली सापडली.

"साहेब, हिला बसू द्या ना. आजवर पाहिलेली सगळी पिल्लं मशीनमधली. एकदा आईच्या पंखाखालून डोकं काढणारं पिल्लू बघायचंय."

"मावशी, ऊब मशीनही देतं की!"

"देतं हो. पण ते अंड्याशी बोलत नाही."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांचं स्वतःचं बाळ दिवसभर पाळणाघरात असे. "हिची पिल्लंही खुडूकच निघणार. ती कळपात मिसळली तर सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल."

"मग घरी नेते."

"इथला वाण पाळायला म्हणून फाटकाबाहेर जात नाही. उचला तिला."

मावशींनी कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. तिनं कचकन चोच मारली.

"उचलते," मावशी म्हणाल्या, आणि त्या उबेत हात तसाच ठेवून बसून राहिल्या.