येळवशीचा रिलीज

येळवशीच्या दिवशी नव्या वेबसाइटचा रिलीज ठेवू नका, असं मी तीन आठवडे आधी मेल लिहून कळवलं होतं. कारणंही क्रमवार दिली होती. त्या दिवशी गावं रिकामी असतात, दुकानं बंद असतात, घरोघरची सगळी माणसं रानात जेवायला गेलेली असतात, आणि काही अडलं तर धावून यायला कुणी नसतं. मेल वाचून पुण्याहून मॅनेजरचा फोन आला. माझ्याहून बराच लहान, पण सरळ माणूस.

"मॅडम, आपल्या कॅलेंडरमध्ये त्या दिवशी सुट्टी दिसत नाही."

"जिल्ह्यापुरतीच असते ती. वेळ अमावस्या. आम्ही येळवस म्हणतो."

"क्लायंट मुंबईचा आहे, मॅडम."

विषय तिथंच संपला. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, की सगळ्यांना ऑफिसात परत बोलवायचं वरून ठरलंय. घरून काम करायची सूट मागणारे बरेच आहेत. हा रिलीज घरून नीट पार पडला तर माझ्यासाठी त्याला वर बोलता येईल. नाही पडला तर नाही.

टाळेबंदीत आम्ही पुणं सोडून बेंबळीजवळच्या आमच्या गावी आलो ते परत गेलोच नाही. नवऱ्याला धाराशिवला शिक्षकाची नोकरी मिळाली, मुलगी इथल्या शाळेत रुळली. सूट गेली तर दोनच वाटा होत्या. पंचेचाळिसाव्या वर्षी पुण्यात भाड्याची कॉट घेऊन एकटीनं राहायचं, किंवा नोकरी सोडायची. आमच्या कामात एकदा सोडलं की कायमचं सुटलंच. दर दोन वर्षांनी हत्यारं बदलतात. शिकलेलं अंगवळणी पडेपर्यंत ते जुनं झालेलं असतं, आणि वर्षभर घरी बसलेल्या बाईला मुलाखतीला कुणी बोलवत नाही.

मी वेबसाइटचा दर्शनी भाग बनवते. लोकांना जे दिसतं ते सगळं माझं: अक्षरं, रंग, बटणं, काय कुठं सरकतं आणि काय जागेवर राहतं. सर्व्हरवाल्यांचं काम कुणाला दिसत नाही म्हणून त्यांना कुणी बोलत नाही. माझं काम सगळ्यांना दिसतं आणि प्रत्येकाला त्यात काहीतरी कळतं. क्लायंटच्या जावयालाही कळतं. एका ब्राउझरमध्ये नीट बसलेलं दुसऱ्यात सटकतं, एका फोनवर सरळ असलेली ओळ दुसऱ्यावर तुटते. मग डोळ्यांना ती खोडच लागते. लग्नपत्रिका हातात आली तर मी आधी समास बघते. जेवायला बसल्यावर ताटातली वाटी मधोमध आहे का ते बघते आणि सरकवते. सासूबाई म्हणतात, "हिला जेवताना बी चैन न्हाय."

या वेळचा क्लायंट कुकर आणि मिक्सर विकणारा होता. येळवशीला दुपारी नवी साइट सुरू करायची आणि लगेच व्हिडिओ कॉलवर त्याला दाखवायची, असं ठरलं. मी तयारी चोख ठेवली. इन्व्हर्टर भरलेला, दोन कंपन्यांची सिमं, काही बिघडलं तर जुनी साइट परत कशी आणायची त्याच्या पायऱ्या कागदावर. सकाळी सासूबाई, नवरा आणि मुलगी भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातल्या आंबिलीचं मडकं घेऊन रानात गेले. काम आटोपून मी मागून जाणार होते.

ते गेले आणि तासाभरात नेट गेलं.

मोबाइलचं नेट लावलं तर ते नुसतं गोल फिरत राहिलं. पुण्या-सोलापूरहून पाहुणे आलेले, सगळ्या शिवारातून फोटो आणि व्हिडिओ कॉल चाललेले. गावचा एक टॉवर कुणाकुणाला पुरणार? दुसऱ्या सिमचंही तेच. शेवटी आमच्या नेटवाल्याला फोन लावला.

"वहिनी, मोडावर कुणाच्या तरी ट्रॉलीनं केबल तोडली. मला कळलंय."

"मग जोडायला कधी येताय?"

"आज? आज तर आम्ही कोपीत जेवायलाव की!"

मी लॅपटॉप पिशवीत टाकला, स्कूटी काढली आणि त्याच्या रानात जाऊन उभी राहिले. कमरेइतक्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोपी, आत पूजा मांडलेली, बाहेर वाकळांवर वीस-पंचवीस माणसं. मी उभ्यानंच सांगायला लागले, की मला दुपारच्या आत लाइन पाहिजे.

"वहिनी, मी आता उठलो तर आई घरात घेणार न्हाय मला," तो म्हणाला.

त्याची आई द्रोण घेऊन पुढं आलीच होती. "रानात आलेलं माणूस उपाशी जात नसतंय. बस आधी."

"मावशी, माझं ऑफिसचं लई महत्त्वाचं काम आहे हो."

"आमच्या भज्जीला बी सकाळधरनं राबलाव आम्ही. बस!"

बसले. भज्जीचे दोन घास घेतले. पिशवीतला फोन थरथरत होता आणि कोण असणार ते मला माहीत होतं. आंबील वाढता वाढता नेटवाला म्हणाला, "केबल जोडायला दोन तास तरी लागतेत. त्यापरीस हितंच करा की काम. हितं पलीकडच्या गावच्या टॉवरची रेंज फुल्ल येती."

मी फोन काढून पाहिला. खरंच येत होती.

कोपीत सावली होती म्हणून स्क्रीन दिसत होता. दोन पोती मांडून त्यांवर लॅपटॉप ठेवला आणि फोनचं नेट त्याला जोडलं. साइट चढवली, ती सुरू झाली. कॉल लागला. मॅनेजरनं पहिलं वाक्य टाकलं, "मॅडम, मागचं पुसट करा ना." मी केलं, पण कडब्याची तुसं पुसट होऊन अजूनच विचित्र दिसायला लागली. क्लायंट वयस्क गृहस्थ होते. त्यांनी मागचं पाहिलंही नाही. ते आपल्या फोनवर साइट उघडून बसले होते.

"खरेदीचं बटण कुठे आहे?"

"तळाशी, सर. केशरी रंगाचं."

"तळाशी काही नाही."

माझ्या फोनवर बटण होतं. मॅनेजरच्या फोनवर होतं. पुण्याच्या ऑफिसात तपासणीचे चार फोन ठेवलेत, त्यांवरही होतं. क्लायंट चिडत नव्हते, हे जास्त वाईट होतं. ते शांतपणे म्हणाले, "बटणच नसेल तर लोक घेणार कसं?" मी थोडा वेळ मागितला, आवाज बंद केला आणि कोपीच्या बाहेर आले.

"सगळ्यांनी आपापले फोन काढा!"

"का हो? काय बक्षीस लागलंय का आमाला?"

"एक कुकर-मिक्सरची साइट उघडायची. खाली केशरी बटण दिसतंय का, एवढंच सांगायचं."

"दाबलं तर पैसे कटतेत का?"

"दाबू नका. बघा फक्त."

"वहिनी, शिट्ट्या तीन होतेत का ते बघू का आधी?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पण फोन निघाले. मी ते वाकळेवर ओळीनं मांडायला लावले. तडकलेल्या काचेचे, मुलांनी पाठवलेले महागातले, चार-चार वर्षांचे, कधी नावही न ऐकलेल्या कंपन्यांचे. मी एकेक बघत पुढं सरकत होते. आहे, आहे, आहे. नेटवाल्याच्या आईच्या फोनवर नव्हतं.

"मावशी, अक्षरं एवढी मोठी कुणी केली?"

"चष्मा लावून बी दिसंना गेलंय. नातीनं करून दिलं."

क्लायंटचंही तेच असणार. खालच्या पट्टीची उंची मी ठरवून बांधली होती. अक्षरं फुगली की बटण त्या पट्टीच्या बाहेर ढकललं जात होतं. आत जाऊन उंची मोकळी सोडली, बदल चढवला. मावशींनी फोन माझ्यापुढं धरला, "आलं बघ, गाजरावानी." मी आवाज सुरू करून क्लायंटना पान पुन्हा उघडायला सांगितलं. बटण आलं. त्यांनी तीन-चार वस्तू निवडून पाहिल्या, आणखी दोन किरकोळ गोष्टी सांगितल्या, आणि कॉल संपला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी आमच्या रानात पोचले. मुलगी बांधावर हरभरा उपटून खात होती. सासूबाईंनी मला दुसऱ्यांदा जेवायला बसवलं. दुसऱ्याच्या रानातलं जेवण त्यांच्या हिशेबात धरलं जात नाही. अर्ध्या जेवणात मॅनेजरचा फोन आला.

"क्लायंट खूश आहेत, मॅडम. मी वर बोललो. तुमची सूट मार्चअखेरपर्यंत चालू."

"आणि पुढं?"

"पुढचं तेव्हा बघू. आत्ता एवढंच मिळालं."

"लेखी पाठवा."

"पाठवतो."

नवऱ्यानं भुवया उंचावून विचारलं. मी म्हणाले, "मार्चअखेर." त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग त्यानं बांधावर बसलेल्या मुलीकडं पाहिलं. तिची दहावी त्याच महिन्यात होती. परीक्षा सुरू असताना मला पुन्हा अशाच कुठल्यातरी कॉलवर स्वतःला सिद्ध करत बसावं लागणार होतं, आणि त्यानंतर परत कधीतरी.

"तोवर काहीतरी निघंल," तो म्हणाला.

"आपोआप निघत नसतं. सोमवारपासून मी दुसरीकडं अर्ज करायला लागते. कायमचं घरून काम देणारी कंपनी."

"या वयात?"

"या वयातच. पुढच्या वर्षी आणखी अवघड होईल."

सासूबाई आमच्याकडं आळीपाळीनं बघत होत्या. "काय झालं? काम झालं न्हवं?"

"झालं, आई."

"मग खा की."

मी उंडा मोडला. अर्जात काय लिहायचं, कुठली नवी हत्यारं आधी शिकून घ्यायची, मुलाखत घेणारी पोरं काय विचारतील, हे सगळं डोक्यात एकाखाली एक मांडलं जात होतं. तेवढ्यात लेखी मेल आल्याचं फोनवर दिसलं. मी उठून, रेंज होती तिथं जाऊन, तो दोनदा वाचला. मार्चअखेर एवढंच होतं, पुढचं काही नव्हतं.