चालते शंख आणि आत्याची बदनामी

शहापुरात मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्यातली मागची बाकं काढली, फळ्या टाकून झोपायची सोय केली, कोपऱ्यात शेगडी आणि पाण्याचा ड्रम बसवला आणि बाबांना नि आत्याला घेऊन समुद्रावर निघाले. बाबांची सगळी नोकरी भातसानगरला धरणावर झाली. आत्या त्यांची थोरली बहीण, मुरबाडकडच्या गावात राहणारी. ओढ्यातल्या दगडाखाली हात घालून खेकडा काढावा तर तिनंच. तिचा दुसरा आवडता उद्योग म्हणजे बाबांची खोडी काढणं. सत्तरी उलटली तरी तो सुटलेला नाही.

बाबांनी समुद्रातल्या जीवांचं एक चित्रांचं पुस्तक घेतलं होतं आणि वाटेत ते आमचा वर्ग घेत होते. आत्या मान डोलवत ऐकायची आणि मधेच विचारायची, माशांना तहान लागते का? त्यावरून महाडपर्यंत वाद चालला.

रत्नागिरीच्याही बऱ्याच खाली, जिथे रस्ताच संपतो अशा कातळी किनाऱ्यावर मी गाडी लावली. खडकावरची कालवं काढायला आलेली एक बाई सोडली तर तिथे चिटपाखरू नव्हतं. पिवळी गाडी बघून तिने विचारलं, शाळेची पोरं कुठायत? आत्याने बाबांकडे बोट दाखवलं आणि एकच आलाय म्हणून सांगितलं.

ओहोटीने खडकांतली डबकी उघडी पडली होती. त्यांत बोट लावताच मिटणारी फुलासारखी जनावरं होती, काळे काटेरी गोळे होते, एक तारामासा होता. बाबा पुस्तकात चित्र शोधेपर्यंत आत्या पुढच्या डबक्यावर पोचलेली असायची. बाबांनी मग डबक्यांतले शंख गोळा केले, गाडीत आणून फळीवर लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत मांडले आणि कोणी हात लावायचा नाही, असं बजावलं. जेवून आम्ही तिघं आडवे झालो.

चारच्या सुमाराला बाबांच्या आवाजाने जाग आली. रांग पार विस्कटली होती. एक शंख शेगडीजवळ, दोन बिछान्यावर. बाबा आत्याला म्हणाले की निदान म्हातारपणी तरी पोरकटपणा सोड. आत्या उठून बसली.

"मी नाय हात लावला रे. तुझ्या गळ्याची शपथ."

बाबांनी ऐकून घेतलं नाही. लहानपणी तू माझ्या दप्तरात बेडूक घातला होतास, तेव्हाही माझ्याच गळ्याची शपथ घेतली होतीस, म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही ती आत्याचीच करामत वाटली. तिचा चेहरा उतरला. जन्मभर खोड्या केलेल्या बाईवर खोटा आळ आला होता, आणि ती रडवेली झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

तेवढ्यात शेगडीजवळच्या शंखातून बारीक तांबडे पाय बाहेर आले आणि शंख चालू लागला.

आम्ही तिघंही बघत राहिलो. बाबांनी पुस्तक उघडलं. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर करून राहणारा खेकडा, असं त्यात चित्रासकट छापलेलं होतं.

"आता कान पकड," आत्या म्हणाली.

बाबांनी निमूटपणे दोन्ही कान पकडले. मीही पकडले. मग सगळे जिवंत शंख पाण्यात सोडायचं ठरलं. बाबांनी पायात बूट सरकवला आणि ओरडून काढला. आत मोठा शंख होता. हा मात्र मीच घातला, आळ आलाच होता तर म्हटलं फुकट कशाला जाऊ द्या, असं आत्याने सांगून टाकलं. बाबा डोळे मिटून कान पकडत असतानाच तिने तो उद्योग उरकला होता.

डबक्यात शंख सोडताना बाबांनी त्यांच्यातला एक खरोखरचा रिकामा शंखही खेकड्यांजवळ पाण्यात ठेवला. थोड्या वेळाने एक खेकडा आपल्या शंखातून अर्धा बाहेर आला, नव्या शंखात डोकावला, आणि पाठमोरा होऊन झटकन आत शिरला. त्याचं उघडं, मऊ अंग आम्हाला क्षणभरच दिसलं. भरतीचं पाणी बाबांच्या गुडघ्यांपर्यंत आलं तरी ते हलेनात. आत्या लुगडं खोचून पाण्यात उतरली, त्यांच्या शेजारी खडकावर टेकली आणि हळूच म्हणाली, "अजून एक रिकामा आहे का बघ ना."

आम्ही तिथे आणखी दोन दिवस राहिलो.